टोपड्याचं माप

"किती टाके घालू, मावशी?"

कुमुदनं अजून चपलाही काढल्या नव्हत्या. तिच्या पाठीमागे फाटकाची कडी हलतच होती.

शलोमीबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. खडे त्या बोटांनी हुडकत होत्या.

"कशाचे टाके?"

"टोपड्याचे."

"कोणाच्या?"

"केतकीच्या मुलीच्या."

"डोकं केवढं आहे तिचं?"

कुमुदनं मागे वळून फाटकाची कडी लावली.

"डॉक्टरांनी माप दिलं असेल ना?"

"दिलंय. सव्वीस सेंटिमीटर."

"मग मला काय विचारतेस? निम्म्या सांगलीला तू विणायला शिकवलंस."

"सहा टोपडी केली, मावशी. सहाच्या सहा परत आली."

"का?"

"मोठी होतात."

"आकडा चुकलाय?"

"नाही."

"मग?"

कुमुदनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मापाचेच टाके घालते. मोजून घालते. चार ओळी झाल्या की वाटतं... एवढंसं डोकं असतं का कुठं? मग उसवते. दहा टाके वाढवते. पुन्हा मोठं होतं..."

शलोमीबाईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

कुमुदिनी लेले अठ्ठावन्न वर्षांची होती. मुलींच्या शाळेत तिनं एकोणतीस वर्षं शिवण-विणकाम शिकवलं. लेलेबाई वर्गात आल्या की मुली सुया लपवायच्या. कारण एखादा टाका सैल दिसला, की बाई काही न बोलता सुई ओढून घ्यायच्या आणि आठवडाभराचं काम सर्रकन उसवायच्या. "चुकीचं अंगावर घालण्यापेक्षा थंडी बरी," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातचा स्वेटर उलटा करून पाहिला तरी गाठ सापडायची नाही. ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते लोकांनाही ठाऊक असावं, अशी त्यांची इच्छा असे.

मिरजेतल्या या अंगणात मात्र ती नुसती कुमुद होती. छत्तीस वर्षांपूर्वी तिच्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या त्या शलोमीबाई अमोलिक यांनी. तेव्हा त्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. आता चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या, आणि हात थरथरत होते.

केतकी ही कुमुदची एकुलती एक मुलगी. तिला सातवा लागला तेव्हाच कुमुदनं नातवंडाचं सगळं विणून ठेवलं होतं. झबलं, टोपडं, मोजे, दुपटं. पांढरी मऊ लोकर, कडेला बारीक पानांची नक्षी. बाळ यायच्या आधी असं काही करू नये, असं शेजारणीनं सांगून पाहिलं. कुमुदनं ऐकलं नाही.

त्याच सुमाराला केतकीनंही एक मोजा विणायला घेतला होता. आयुष्यातला पहिला. टाचेपाशी गाठ आली होती. कुमुदनं तो हातात घेतला, उलटा केला आणि तिच्यादेखत उसवला.

"अशी गाठ बाळाला टोचते."

केतकीनं पुन्हा सुया हातात घेतल्या नाहीत.

मग पाच दिवसांपूर्वी केतकीचा रक्तदाब एकाएकी चढला. झटके आले. पोट चिरून बाळ बाहेर काढावं लागलं. तिसावा आठवडा, मुलगी, वजन अकराशे चाळीस ग्रॅम. केतकीला तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं, बाळाला काचेच्या पेटीत.

आणि काल सिस्टरनी निरोप दिला : उद्या चार वाजता बाळाला पहिल्यांदा आईच्या छातीवर द्यायचंय. अंगाला अंग लागलं की अशी बाळं जीव धरतात. पण पेटीबाहेर काढायचं तर डोक्याला घट्ट बसणारं टोपडं हवं. इवल्या जिवाची ऊब डोक्यातूनच जाते. दुकानातली सगळ्यात लहान टोपीही हिच्या हनुवटीपर्यंत उतरते.

टोपडी पहिल्या दिवसापासूनच जावई घेऊन जात होता. जावईच परत आणत होता. कुमुद पाच दिवसांत एकदाही काचेच्या पेटीपर्यंत गेली नव्हती.

काल रात्री केतकीचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"आई, तू तिला बघायला येत नाहीस."

"मला सर्दी आहे गं. बाळाला बाधेल."

"तुला ती अर्धवट वाटते का?"

एवढं म्हणून केतकीनं फोन बंद केला. सकाळी नऊच्या बसनं ती मिरजेला आली, ती थेट या अंगणात.

"पिशवी इकडे दे," शलोमीबाई म्हणाल्या.

कुमुदनं दिली. तिला वाटलं, मावशी लोकर बघतील, सुईचा नंबर बघतील. शलोमीबाईंनी पिशवी आपल्या खुर्चीखाली सरकवली आणि त्यावर पाय ठेवले.

"आता जा."

"कुठं?"

"बाळाकडं."

"रिकाम्या हातानं?"

"रिकाम्याच हातानं."

"मावशी, चार वाजता टोपडं द्यायचंय. आत्ता साडेनऊ झालेत. मला तुम्ही टाके सांगा, मी इथंच बसून..."

"टाके बाळ सांगेल."

"मला सर्दी आहे."

"शिंकून दाखव."

कुमुदची कानशिलं तापली. शाळेत तिच्याशी असं कोणी बोललं असतं तर... पण इथं ती खाली बघत उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक आहे मी का जात नाही ते."

"आहे."

"तरी पाठवता?"

"हो."

कुठंतरी चर्चच्या आवारात कुणीतरी पाला झाडत होतं. खराट्याचा आवाज येत राहिला.

"मावशी... ती जगेल का?"

"मला विणायला येतं, कुमुद. ते येत नाही."

"नुसतं हो म्हणा. खोटं का होईना."

शलोमीबाईंनी पाय उचलले. पिशवी बाहेर काढून कुमुदसमोर धरली.

"घरी जा मग. सातवं टोपडं वीण."

कुमुदनं पिशवीकडे पाहिलं. हात पुढे झाला... आणि मागे आला. ती वळली आणि फाटकाबाहेर पडली.

दवाखाना दहा मिनिटांच्या वाटेवर होता. जिन्यावर तिचे पाय दोनदा थांबले.

"बांगड्या काढा, आजी. अंगठीसुद्धा," सिस्टर म्हणाल्या. "कोपरापर्यंत हात धुवायचे. पुन्हा एकदा. आता हा गाउन घाला."

सोन्याच्या बांगड्या वर्षानुवर्षं मनगटात रुतून बसल्या होत्या. साबण लावून त्या काढताना कातडी सोलली. कुमुदला ते कळलंही नाही.

आत उबदार होतं, आणि फार शांतही नव्हतं. यंत्रं टिकटिकत होती. भिंतीशी पेट्यांची रांग होती.

"ही तुमची."

कुमुदनं आधी नळ्या पाहिल्या, मग चिकटपट्ट्या, मग पडद्यावरचे हिरवे आकडे. शेवटी, आता दुसरीकडे बघायला काही उरलंच नाही तेव्हा, तिनं बाळ पाहिलं.

तांबूस. सुरकुतलेलं. कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, शिरा दिसाव्यात इतकी पातळ. गुडघे कुमुदच्या अंगठ्याच्या पेराएवढे. तोंड मात्र चिडलेलं. एखाद्या म्हातारीला झोपेतून उठवावं तसं.

"डोक्यावर हात ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "चोळायचं नाही, थोपटायचं नाही. नुसता ठेवायचा. ऊब लागू दे."

"माझा हात..."

"ठेवा, आजी. काही होत नाही."

पेटीच्या गोल खिडकीतून कुमुदनं हात आत घातला. एकोणतीस वर्षं ज्या हातानं टाके मोजले तो हात तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. तो बाळाच्या डोक्यावर टेकला.

डोकं तळहातात मावलं. मनगटाजवळच्या उंचवट्यापासून बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंत. बस्स. त्याच्या पुढे काही नव्हतं.

आणि ते ऊन होतं. टाळूखाली काहीतरी भराभरा उडत होतं...

यंत्र ओरडलं.

हिरवा आकडा लाल झाला. बाळाची छाती हलत नव्हती.

"सिस्टर!"

"बघते."

"हात काढू?"

"नका काढू. आहे तसाच ठेवा."

सिस्टरनी दुसऱ्या खिडकीतून हात घालून बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली.

कुमुदला वाटलं आपणही श्वास घ्यायचं विसरलोय. तळहाताखालचं उडणं मंद होत चाललं होतं. एक... मग बऱ्याच वेळानं एक...

तिसरी टिचकी.

बाळानं तोंड वेडंवाकडं केलं. छाती वर आली. यंत्र गप्प झालं.

"अशी करते ही," सिस्टर वहीत वेळ लिहीत म्हणाल्या. "दिवसातून पाच-सहा वेळा. श्वास घ्यायचा विसरते. मग आठवण करून द्यावी लागते."

"आणि... आठवण नाही झाली तर?"

"म्हणून तर आम्ही इथं आहोत, आजी."

कुमुद अर्धा तास तशीच उभी राहिली. कंबर भरून आली. हात हलला नाही. सिस्टर "आता पुरे" म्हणाल्या तेव्हा तिनं हात बाहेर काढला, पण उघडला नाही. ओंजळीत पाणी घ्यावं तसा तो वाटीसारखाच राहिला.

बांगड्या तिनं डाव्या हातानंच पदरात बांधल्या.

केतकीची खाट त्याच मजल्यावर होती. सलाईन चालू होतं. आईला गाउनमध्ये बघून तिनं मान उचलली.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मला खुर्चीतून एकदाच नेलं होतं. लांबूनच दिसली." केतकीचे ओठ कोरडे पडले होते. "केवढी आहे गं?"

कुमुदनं वाटीसारखा हात तिच्यापुढे धरला.

"डोकं एवढं."

केतकीनं त्या रिकाम्या हातात पाहिलं. मग आपलं बोट त्याच्या आतून हळूच फिरवलं. सुई टोचलेल्या हाताचं, सुजलेलं बोट.

"आई, तो मोजा..." ती म्हणाली.

"हो," कुमुद म्हणाली. "चुकलं माझं."

घड्याळात अकरा वाजून गेले होते.

रिक्षात ती हात छातीशी धरून बसली. खड्ड्यांतून रिक्षा उसळली की डाव्या हातानं उजव्याला आधार द्यायची. रिक्षावाल्यानं आरशातून दोन-तीनदा पाहिलं.

"हाताला लागलंय का, बाई?"

"नाही. माप आहे."

त्यानं रिक्षा हळू चालवायला घेतली.

शलोमीबाई आता घरात होत्या. खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवलेल्या. मधल्या स्टुलावर सुया आणि सगळ्यात मऊ लोकरीचा गोळा.

"दाखव."

कुमुदनं हात पुढे केला. शलोमीबाईंनी आपली थरथरती बोटं त्या वाटीत घातली. तळापासून काठापर्यंत फिरवली. एकदा... दोनदा...

"हं," त्या म्हणाल्या. "आता हा हात मोडू नकोस."

"मग मी विणू कशी?"

"तू विणणार नाहीस. तू धरायचंस."

शलोमीबाईंनी टाके घातले. डोळे खिडकीकडे, बोटं सुईवर. किती घातले ते त्यांनी मोजलं नाही. कुमुदनं मोजलं. बावन्न. तिनं सहाही वेळा शेवटी बासष्टच्या वरच घातले होते.

मावशींचा हात थरथरत होता. एक टाका घट्ट येई, पुढचा सैल. तिसऱ्या ओळीत उलट घ्यायचा टाका सुलट पडला. कुमुदच्या तोंडाशी शब्द आला. तिनं दात आवळले.

दर चार ओळींनी शलोमीबाई विणलेला पट्टा तिच्या तळहातात लावून बघत. मग पुन्हा सुया. टिक, टिक, टिक... मध्ये थांबत. बोटं चोळत. पुन्हा सुरू.

बारा वाजले. साडेबारा.

"मावशी."

"बोल."

"छत्तीस वर्षं एक विचारायचं राहिलंय."

सुया थांबल्या नाहीत.

"मला माहीत आहे," शलोमीबाई म्हणाल्या.

कुमुदचा पहिला मुलगा आठव्या महिन्यात झाला होता. दीड दिवस जगला. घरची मोठी माणसं म्हणाली, तिला दाखवू नका, जीव गुंतेल. तिला दाखवला नाही. बावीस वर्षांची ती, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. तिसऱ्या दिवशी वॉर्डातली एक सिस्टर येऊन शेजारी बसली आणि तिच्या हातात दोन सुया ठेवल्या. तिथून सगळं सुरू झालं. मुलाबद्दल मात्र कुमुदनं कधी विचारलं नाही. शलोमीबाईंनी कधी सांगितलं नाही.

"त्याला..." कुमुदनं दुसऱ्या हातानं मापाचा हात सावरला. "त्याला काय घातलं होतं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"माझ्या हातात होता."

"किती वेळ?"

"शेवटपर्यंत."

कुमुद रडली. आवाज न करता, हात न हलवता. डोळे पुसायला पदर घ्यावा तर हात मोकळा नव्हता... डावा होता, पण तिला ते सुचलं नाही. पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं.

शलोमीबाईंनी तिला गप्प केलं नाही. ओळ पुरी केली.

एक वाजता पिशवीतला फोन वाजला. वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजला.

"घे."

कुमुदनं डाव्या हातानं फोन कानाला लावला. जावई होता.

"आई, सिस्टर विचारतात टोपडं होतंय का. बाळाचं अंग थोडं गार लागतंय. पेटीची ऊब वाढवलीय, पण केतकीजवळ दिलं तर बरं, म्हणतात. चारच्या आधी जमलं तर..."

"येते," कुमुद म्हणाली.

फोन ठेवला आणि समोर पाहिलं तर शलोमीबाईंच्या सुया थांबल्या होत्या. डावा हात मांडीवर पडला होता. बोटं आकसली होती.

"मावशी?"

"डाव्यात गोळा आला. आता चालणार नाही हा."

टोपड्याचा काठ झाला होता, अंग झालं होतं. वरचा घुमट राहिला होता. टाके कमी करत आणायचे, सगळ्यात नाजूक काम.

"द्या मला. मी करते."

"हात मोडशील तर माप जाईल."

"मग काय करायचं?" कुमुदचा आवाज चढला. "एक वाजलाय! तुमचा हात चालत नाही, माझा तुम्ही बांधून ठेवलाय... काय करायचं मी?"

शलोमीबाईंनी डावी सुई तिच्यापुढे धरली.

"तुझा डावा दे."

कुमुदनं डावी सुई डाव्या हातात घेतली. उजवी सुई शलोमीबाईंच्या उजव्या हातात. दोन खुर्च्या जवळ आल्या, गुडघ्याला गुडघा लागला. एका सुईनं टाका पुढे करायचा, दुसऱ्या सुईनं तो उचलायचा. पहिले दोन टाके घसरले. तिसरा बसला.

"घाई नको."

"वेळ नाहीये, मावशी."

"म्हणूनच नको."

कुमुदच्या हातून आयुष्यात असं वाईट काम कधी झालं नव्हतं. टाके कुठं ताणलेले, कुठं लोंबणारे. तिचा हात पुढे गेला की मावशींचा मागे राही. मावशींचा कापला की तिनं थांबायचं. हळूहळू तिला मावशींचं थरथरणं कळू लागलं. कधी थांबेल, कधी सुटेल... आणि मग तिची सुई वाट बघायला शिकली.

घुमटापाशी येताना तिला ते दिसलं.

"एक टाका सुटलाय. चार ओळी खाली."

"असेल."

"धावेल तो. भोक पडेल. तिथपर्यंत उसवायला हवं."

"वेळ आहे?"

कुमुदनं घड्याळ पाहिलं. दोनला वीस कमी.

"नाही."

"मग दोऱ्यानं बांधून टाक. गाठ बाहेरच्या बाजूला घे."

कुमुदनं आपल्या हातानं, आपल्या डोळ्यांदेखत, टोपड्यात गाठ मारली. एका हातानं आणि दातांनी.

दोनच्या सुमाराला शेवटचा टाका बंद झाला. शलोमीबाईंनी मागची शिवण घातली आणि टोपडं कुमुदच्या तळहाताच्या वाटीवर चढवून बघितलं. बसलं. त्यानंतरच त्या म्हणाल्या, "आता मोड हात."

बोटं सरळ करताना कुमुद कळवळली.

कोमट पाण्यात धुतलं. टॉवेलात दाबून पिळलं. इस्त्री फिरवून वाळवलं. तीन वाजून दहा मिनिटांनी ती दवाखान्याच्या जिन्यावर होती. या खेपेला तिचे पाय कुठं थांबले नाहीत.

सिस्टरनी टोपडं हातात घेतलं, उलटसुलट केलं. सिस्टरनी ते बाळाच्या डोक्यावर चढवलं. कानांवरून खाली आलं, कपाळावर टेकलं... आणि तिथं थांबलं.

"बसलं, आजी."

बाळाला पेटीतून उचललं, नळ्यांसकट. केतकीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. केतकी हलेना. पापणीही लववेना. बाळानं दोन-तीनदा तोंड वाकडं केलं, मग गाल आईला लावून पडून राहिलं.

पडद्यावरचा आकडा खाली गेला. सगळे तिकडे बघत राहिले. आकडा थबकला... आणि हळूहळू वर चढू लागला.

बऱ्याच वेळानं केतकी कुजबुजली, "हे तू विणलंस? तुझं वाटत नाही."

"एक हात माझा," कुमुद म्हणाली.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. नवव्या दिवशी बाळाला जंतुसंसर्ग झाला. दोन दिवस दूध बंद, हातापायांना सुया. डॉक्टर नीट काही सांगेनात. कुमुद रोज सकाळी बांगड्या घरी ठेवूनच निघायची. केतकी थकली की ती पेटीशी उभी राहायची, डोक्यावर हात ठेवून. यंत्र ओरडलं की टिचकी मारायलाही शिकली. सुया तिनं त्या दिवसांत हातात घेतल्या नाहीत.

वजन आधी घटलं, मग तिथंच अडून राहिलं. मग एका सकाळी वीस ग्रॅम वाढलं. दुसऱ्या दिवशी पंधरा.

पंचविसाव्या दिवशी सिस्टरनी तिला दारातच गाठलं. हातात ते टोपडं होतं. काठाचा वळ कपाळावर उमटवणारं, ताणून ताणून सैल झालेलं, तरी अपुरं.

"आजी, हे घ्या."

कुमुद टोपडं घेऊन तशीच निघाली. दहा मिनिटांची वाट तिनं किती वेळात कापली कोण जाणे.

शलोमीबाई पायरीशी उभ्या राहून अबोलीला पाणी घालत होत्या. फाटक उघडल्याचं त्यांनी ऐकलं. पावलं ओळखली. पण आलेलं माणूस बोलेना, नुसतं धापा टाकत उभं राहिलं.

शलोमीबाईंच्या हातातला तांब्या जागच्या जागी थांबला.

"कुमुद?"

कुमुद पायरीशी आली.

"बोल. मी ऐकतेय."

"मावशी... ते टोपडं..." तिनं ते त्यांच्या हातात दिलं. "ते आता तिला बसत नाही."

शलोमीबाईंनी ते टोपडं बोटांनी चाचपलं. काठ, अंग, घुमट. बराच वेळ...

"मग जमलं," त्या म्हणाल्या.